भोक की जाळी?

आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एक बाई गेल्या, तेव्हा त्यांच्या कन्येने एक पिशवी आम्हां दोघींच्या स्वाधीन केली. आत लोकरीचे सहा रंगांचे गुंडे होते आणि सुयांवर एक अपुरा जाळीदार स्कार्फ. नमुन्याचा कागद मात्र नव्हता. म्हणजे विणलेल्या भागावरूनच पुढचे वाचायचे होते.

रचना लवकर उमगली. प्रत्येक रंगाची एक पाचर. ओळ टोकापर्यंत न नेता चार टाके अलीकडूनच परतायचे, पुढच्या खेपेस आणखी चार टाके अलीकडून. एका कडेला ओळी साचत जातात. पुढचा रंग विरुद्ध कडेने घेतला की स्कार्फ पुन्हा सरळ. विणणाऱ्या याला ‘शॉर्ट रो’ म्हणतात. जाळीचे गणित निराळे: सुईवर जादा धागा घेऊन भोक पाडले की शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे टाक्यांची संख्या कायम राहते.

अडचण वळणांवर होती. परतताना पुढच्या टाक्याला धाग्याचा वेढा द्यावा लागतो आणि नंतर तो वेढा टाक्यासह उचलून विणावा लागतो. एरवी तेथे भोक राहते. बाईंच्या पहिल्या सात पाचरींत वेढे चोख आहेत. शेवटच्या तीन पाचरींत एकही नाही. या तीन आजारपणातल्या. त्यांतली जांभळी तर अर्धीच. पण ती भोके चार-चार टाक्यांवर, एका तिरप्या रेषेत पडली आहेत, आणि खरे सांगायचे तर सुंदर दिसतात. शेजारी एकत्र विणलेले टाके नाहीत, एवढ्यावरूनच ती जाळीतली नव्हेत हे कळते.

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही एकनाथांचे उदाहरण वर्षानुवर्षे देत आलो आहोत. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हा लेखनिकाचा प्रमाद की कवीची इच्छा, असे विद्यार्थ्यांना किती सहज विचारतो आपण! येथे लेखनिक आणि कवी एकच, आणि विचारायची सोय उरलेली नाही. आमच्यातील एकीचे म्हणणे, हात थकले होते, भोके मागून शिवून घ्यावीत. दुसरीचे म्हणणे, बाई एकच चूक तीनदा करणाऱ्यांतल्या नव्हेत. (दोघींनीही आपापल्या प्रबंधाची मुद्रिते त्यांच्याकडून तपासून घेतली होती.) वाद आठवडाभर चालला.

अखेर शिवले काहीच नाही. जांभळी पाचर दोघींनी आळीपाळीने, वेढे न देता पुरी केली. उरलेल्या चार वाटून घेतल्या. एकीने वेढे दिले, दुसरीने दिले नाहीत.

कन्येने स्कार्फ गळ्यात घालून पाहिला, एका भोकातून बोट फिरवले आणि विचारले, “आईचे विणकाम कुठे संपते?”

“जांभळ्यात,” आम्ही म्हणालो.