जंतू शिकणारी मुलगी

आम्ही हिंजवडीत राहतो. हे कंपन्यांच्या कॅब चालवतात, मी उर्दू आणि मराठी शिकवते. घराच्या खिडकीतून आयटी कंपन्यांच्या काचा दिसतात. इथे कुणाचंही लेकरू बारावी झालं की विचारणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "कम्प्युटरच ना?" माझ्या मुलीने बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आयटीच्या दारात राहून पोरगी जंतू शिकणार?" तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. ओळखीच्या एकांनी जवळच्याच कंपनीत नोकरीचं बघतो म्हणून सांगितलं. मुलगी म्हणाली, "नको. मला एमएस्सी करायचंय. पुढे जमलं तर तेलविहिरींतल्या जिवाणूंवर काम करायचंय." या वेळी मला हसू आलं नाही. धाकट्याची फी आहे, घराचा हप्ता आहे. मी जरा चिडूनच म्हणाले, "तेलातल्या जंतूंचं आपल्याला काय करायचंय?"

ती शांतपणे म्हणाली, "अम्मी, मामूला विचार."

माझे भाईजान चौदा वर्षं आखातात तेलाच्या विहिरींवर होते. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांच्या भिंती त्या पैशांवर उभ्या आहेत. सुट्टीवर आले की ते अत्तर, खजूर आणायचे, पण कामाचं फार बोलायचे नाहीत. एकदाच, मगरिबनंतर गच्चीवर बसले असताना, एका वायूबद्दल बोलले. सडक्या अंड्यांसारखा वास येतो म्हणाले. "बू आए तो डरो, मगर बू आना बंद हो जाए तो भागो." थोडा असेल तेव्हा तो नाकाला लगेच कळतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वायू गेला. हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यात, खोलगट जागी साचतो. त्यांच्या खोलीतला एक केरळचा मुलगा अशाच एका जागी उतरला आणि वर आला नाही. घरी पाठवलेल्या कागदावर फक्त 'अपघात' एवढंच होतं.

ती गोष्ट माझ्या मुलीने नववीत असताना ऐकली होती. मला वाटलं होतं, विसरली असेल. ती मात्र तेव्हापासून एकच प्रश्न घेऊन बसली होती. हा वायू तिथे येतो कुठून?

त्या रात्री तिने मला समजावलं, आणि मी वर्गात बसल्यासारखी ऐकत राहिले. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. ओल्या विटेत पाणी मुरलेलं असतं तसं तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. सोबत खारं पाणी असतं, उष्णता असते आणि प्रचंड दाब असतो. प्राणवायू नसतो. तिथे काही जगत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. १९२६ साली शिकागो विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींतून आलेल्या पाण्यात जिवाणू असल्याचं दाखवलं. लोक म्हणाले, हे वरूनच गेले असतील, खोदताना. ती शंका पुष्कळ वर्षं टिकली. पण ते जिवाणू खरोखर खालचेच रहिवासी असू शकतात, हे पुढे मान्य झालं.

आपण प्राणवायूवर जगतो. त्यांच्यातले काही सल्फेटवर जगतात, म्हणजे सल्फेट हाच त्यांचा श्वास. आणि तो श्वास सोडताना जे बाहेर पडतं, तोच हायड्रोजन सल्फाइड, भाईजानचा वायू.

"मग हे जंतू शत्रूच की!" मी म्हणाले.

"तसं नाही अम्मी. त्यांना सल्फेट दिलं कुणी?" तिने विचारलं. तेल उपसलं की खालचा दाब कमी होतो. तो टिकवायला समुद्रातल्या तेलक्षेत्रांत समुद्राचंच पाणी आत सोडतात. आपल्या मुंबई हायमध्येही, जिथे १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधलं, हीच रीत आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असतं. शिवाय ते पाणी गार असतं, म्हणून तापलेला खडकही जिवाणूंना राहण्याजोगा होतो. आपणच ताट वाढायचं आणि पाहुण्यांना शिव्या द्यायच्या, असा हा प्रकार. यावरचा एक उपायही तसाच आहे. पाण्यात नायट्रेट सोडतात. त्यावर जगणारे दुसरे जिवाणू वाढतात आणि सल्फेटवाल्यांना मागे सारतात. उत्तर समुद्रातल्या तेलक्षेत्रांत हे केलेलं आहे.

मला वाटलं हे सगळं परदेशातलं. तर ती म्हणाली, "आघारकरमध्ये चालतं." विधी महाविद्यालयाच्या परिसरातली ती संस्था मी बाहेरून कितीदा पाहिली होती. गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाची असेल, असंच मी समजत होते. मराठीच्या बाईंची ही चूक मुलीने दुरुस्त केली. ती वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची आहे. १९४६ साली सुरू झालेल्या संस्थेला १९९२ मध्ये त्यांचं नाव मिळालं. आगरकर तिच्या समोरच्या रस्त्याचे.

तिथल्या डॉ. प्रशांत ढाकेफळकर आणि सहकाऱ्यांनी ओएनजीसीबरोबर वर्षानुवर्षं तेलविहिरींतल्या जिवाणूंवर काम केलं आहे. नेहमीच्या पद्धतीने उपसल्यावर बहुतेक विहिरींत निम्म्याहून जास्त तेल खडकाला चिकटून मागेच राहतं. काही जिवाणू साबणासारखा पदार्थ बनवतात. बिर्याणीच्या पातेल्याचा तेलकटपणा साबणाने सुटतो, तसं त्या पदार्थाने खडकातलं तेल सुटतं. त्यांचं खाणं म्हणजे साखर कारखान्यातली मळीसुद्धा चालते. या संस्थेत असा एक जिवाणू अभ्यासला गेला की जो प्रयोगशाळेत ९६ अंश तापमानाला हे काम करतो. चहाचं पाणी उकळायला आलं की जेवढं तापतं, जवळजवळ तेवढं!

हे जिवाणू वाढवायचे म्हणजे सबुरीचं काम. हवा काढून टाकलेल्या, बुचं घट्ट बसवलेल्या बाटल्यांत ते वाढतात. बाटलीत एक रंग घालतात. जरा जरी प्राणवायू शिरला तरी पाणी गुलाबी होतं आणि मेहनत फुकट जाते. मुलगी हे सांगताना इतकी खुश होती की हप्त्याचा विषय काढायचं मी विसरले.

नंतर झोप येईना. मी भाषेची शिक्षिका, शब्दांचाच विचार करत राहिले. मराठीत 'जंतू' म्हटलं की पाठोपाठ 'जंतुनाशक' येतं. उर्दूत 'जरासीम' म्हटलं की 'जरासीमकुश' तयारच असतं. दोन्ही भाषांत ओळख व्हायच्या आधीच मारायचा शब्द हाताशी. वर्गात मी मुलांना सांगते, नाव ऐकून माणसाबद्दल मत बनवू नका. आपल्या नावांमुळे भाड्याचं घर शोधताना काय ऐकावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. आणि तीच मी, मुलीच्या विषयाचं नुसतं नाव ऐकून नाही म्हणत होते.

सकाळी फोनवर भाईजानना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उस लडके को पता होता तो अच्छा होता." पहिल्या वर्षाच्या फीमध्ये त्यांनी वाटा उचलायचं ठरवलं. उरलेल्यासाठी मी दोन शिकवण्या धरल्या आहेत. पुढे तिला कुठे जागा मिळेल, नोकरी लागेल की नाही, माहीत नाही. हप्ता तर दर महिन्याला येणारच.

प्रवेशाचा अर्ज भरला आहे. परवा जाऊबाईंनी विचारलं, "मग? जंतूच शिकणार?"

म्हटलं, "हो. तिच्या मामूच्या विहिरीतले."