विहिरीचे औषध

आमच्या गावच्या घरामागे जांभ्यात खोदलेली एक विहीर आहे. आजीच्या लेखी ती विहीर नसून घरातली वडीलधारी बाई आहे. बाळंतीण बाहेर पडली, की पहिले हळदकुंकू तिलाच वाहते. तिच्यात एक कासव होते. तेही आजीचेच.

जांभा दगड सच्छिद्र. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक कोसळणारा आमचा रत्नागिरीचा पाऊस त्यातून नीटसा गाळला न जाताच झिरपतो. गेल्या आषाढात वरच्या गोठ्याकडचे पाणीही असेच आले असावे. विहीर चहासारखी दिसू लागली आणि चौथ्या दिवशी धाकट्या भावाला जुलाब सुरू झाले. दोन रात्री त्याला सलाईन लावले होते. त्याच्या उशाशी बसून मी काय काय विचार केले, ते इथे लिहीत नाही.

मग गावातला एकजण ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन आला. पाचेक किलोंची असेल. त्याने ती काठावरूनच उपडी केली आणि तो निघून गेला. झाले शुद्धीकरण! तिसऱ्या दिवशी कासव उलटे होऊन तरंगत होते. आजी काही बोलली नाही. कळशी उचलून वहाळावर पाण्याला गेली. ज्या वहाळात गुरे बसतात, त्या!

मी तिला लंडनची गोष्ट सांगितली. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने माणसे मरत होती, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने दोष एका पंपाच्या पाण्याचा आहे हे ओळखले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. आजी म्हणाली, "दांडा काढलान ना? इख तर नाय टाकलान?"

घरातल्या पहिल्या कॉलेजकन्येपाशी यावर उत्तर नव्हते.

ते मिळाले काकांकडे. काका गणपतीपुळ्याच्या वाटेवर एका मुंबईकरांच्या बंगल्यात राखणदार आहेत. तिथे अंगणात पोहण्याचा तलाव आहे. मालक वर्षातून चारदा येतात, तलावाची निगा मात्र बारा महिने. (पिण्याच्या पाण्यापेक्षा पोहण्याच्या पाण्याची बडदास्त मोठी, याचा मला जरा रागच आला.) काका म्हणाले, "अगो बाय, औषध मापून घालायचं. तेही सूर्य बुडाल्यावर. उन्हात त्याचा जोर उडून जातो." पाणी हिरवे पडले, तर ते रात्री मोठी मात्रा देतात, पण मग क्लोरीन उतरेपर्यंत कोणाला पाण्यात पाय घालू देत नाहीत.

विहीर उपसून घेतली. गढूळ पाण्यात औषधाचा जोर फुकट जातो, म्हणून नवे पाणी निवळेपर्यंत थांबले. दोरीला दगड बांधून खोली मोजली : ४ मीटर. व्यास ३ मीटर. शाळेत रडतरडत शिकलेले वर्तुळाचे क्षेत्रफळ असे उपयोगी पडले. पाणी सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे अवघी ७० ग्रॅम! वाण्याच्या तराजूवर ती पुडी पाहून मला त्या पिशवीची आठवण झाली.

संध्याकाळी बादलीत पावडर कालवली. दहा मिनिटांनी चुना तळाशी बसला. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीने पाण्याखाली सोडली आणि खूप हेलकावे दिले. आजी ओटीवरून बघत होती. रात्रभर कोणी पाणी शेंदले नाही. सकाळी आरोग्यसेविकेने नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळे झाले. क्लोरीन शिल्लक होता, पण बेताचा.

आजीने कळशी भरून वास घेतला. "कासवाला ह्या चाललां असतां?" तिने विचारले. मी मान खाली घातली.

ती आता तेच पाणी पिते. पण हंडा फडक्याने झाकून रात्रभर ठेवते आणि वास गेल्यावरच तांब्या बुडवते. पावडरची घट्ट झाकणाची बरणी तिच्याच ताब्यात आहे. मी नसते तेव्हा बाबांना आणि शनिवारी गावी आले की मला, तिन्हीसांजेला ती वजन करायला बसवते. आधी विहिरीला हळदकुंकू वाहते, मग बरणी काढते.