आमच्याकडून सगळं ओके!

माझा धंदा काय, हे आजवर मी कोणालाही नीट समजावून देऊ शकलेलो नाही. डॉक्टर म्हटलं की लोक जीभ बाहेर काढून दाखवतात, वकील म्हटलं की भाऊबंदकीचे कागद बाहेर निघतात. ‘मी राऊटर सांभाळतो’ असं सांगितल्यावर आमच्या मावशीने मात्र ‘मग त्याला खायला काय घालतोस रे?’ असं विचारलं होतं.

तेव्हापासून मी सांगतो, राऊटर म्हणजे नाक्यावरचा पानवाला. आयुष्यात स्वतः तिथे गेलेला नसतो, पण ‘असे सरळ जा, पुढे गिरणीवाल्याला विचारा’ हे कसं छातीठोक सांगतो! आणि अशा नाक्यानाक्यावरच्या मंडळींनी ‘अमुक आळीला माझ्याकडून रस्ता आहे बरं का’ असं एकमेकांना कळवायची जी भाषा, तिचं नाव बीजीपी. कर्क लॉकहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोन गृहस्थांनी १९८९ साली जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनांवर तिचा आराखडा खरडला. आपल्याकडे नॅपकिनवर फार तर बिलाची वाटणी होते. त्यांच्या त्या तात्पुरत्या सोयीवर जगाचं इंटरनेट अजून चाललंय.

चालतंय ते मुख्यतः भाबडेपणावर. शेजारी म्हणाला म्हणजे खरंच असणार! फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीने देशापुरतं यूट्यूब बंद करायला म्हणून ‘यूट्यूबचा रस्ता माझ्या दारातून’ असं घरच्या घरी सांगितलं. ते कुंपणाबाहेर ऐकू गेलं, आणि जगातली बरीच गर्दी सुमारे दोन तास त्या दारात जाऊन गडप होत राहिली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने तर स्वतःचाच पत्ता पुसून टाकला. जवळजवळ सहा तास घर जागच्या जागी, पण पोचायची सोय नाही!

एवढी बडी मंडळी माझ्या वाट्याला येत नाहीत. माझ्या वाट्याला आली ती एका बँकेची तालुक्याची शाखा, तीही एक तारखेला, पेन्शनच्या दिवशी.

“साहेब, हेड ऑफिस लागत नाही,” शाखेचे मॅनेजर फोनवर कुजबुजले. “बाहेर सत्तरेक म्हातारी माणसं उभी आहेत. त्यातल्या एका सरांनी मला गणित शिकवलंय हो!”

लाइन पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. “आमच्याकडून सगळं ओके आहे, सर.” हेड ऑफिसच्या कॉम्प्युटर खात्याला केला. “आमच्याकडूनही ओके.” आमच्या धंद्यात बिघाड हा नेहमी समोरच्याकडे असतो.

अशा वेळी आधी बघायचं, की शेजाऱ्याशेजाऱ्यांचं बोलणं चालू आहे का. या बोलण्याच्या सहा अवस्था आहेत आणि त्यातल्या एकीचं नाव आहे ‘ॲक्टिव्ह’. नवखा माणूस हा शब्द वाचून खुशाल चहा मागवतो. वास्तविक ॲक्टिव्ह म्हणजे हाका मारतोय, पण कोणी ओ देत नाही. (बारशाला कोणती आत्या होती कोण जाणे.) आपल्याला हवं असतं ‘एस्टॅब्लिश्ड’. ते होतं. म्हणजे अबोला नव्हता.

मग पिंग. पिंग म्हणजे ‘आहात का?’ आणि ‘आहे!’, एवढाच संवाद. शाखेच्या राऊटरवरून हेड ऑफिसला पाच हाका मारल्या, पाच उत्तरं आली. “मग आमचे काउंटर का मेलेत?” मॅनेजर. प्रश्न रास्त होता. काउंटरवरून मारलेल्या हाकेला एकही उत्तर नव्हतं.

गंमत इथेच आहे. राऊटर हाक मारतो तेव्हा, वेगळं बजावलं नाही तर, तो आपल्या रस्त्याकडच्या दाराचा पत्ता लावतो. काउंटरवरचा कॉम्प्युटर लावतो माजघराचा. मी राऊटरला बजावलं, ‘माजघराचा पत्ता लावून हाक मार.’ पाचातून शून्य! मग तो शेजाऱ्याला काय काय कळवतोय ती यादी काढली. यादीत माजघराचं नावच नव्हतं.

म्हणजे शाखेची प्रत्येक हाक हेड ऑफिसात व्यवस्थित पोचत होती. तिकडून बिचारे उत्तरही देत होते. पण उत्तराला परतायचा रस्ताच कोणी सांगितलेला नव्हता, त्यामुळे ते वाटेत टाकून दिलं जात होतं. अन् शाखेत सगळे म्हणत होते, हेड ऑफिस बंद आहे!

आदल्या संध्याकाळी कॅमेरे बसवणारा कोणी येऊन गेला होता. त्याने २५६ पत्त्यांच्या माजघराचे दोन भाग केले होते, १२८ काउंटरांना, १२८ कॅमेऱ्यांना. राऊटरला हुकूम मात्र जुनाच, ‘२५६ चा अख्खा वाडा जाहीर कर.’ आणि बीजीपी या बाबतीत रेशनिंगच्या कारकुनाइतका काटेकोर. हुकमातलं नाव आणि माप दप्तरात हुबेहूब सापडलं तरच पुढे कळवणार. भावाभावांत वाटणी झाली, अख्खा वाडा दप्तरात उरला नाही, तेव्हा तो गप्प बसला. कारकून निदान खेकसतो तरी. हा तेही करत नाही.

अख्ख्या वाड्याची ओळ खोडून दोन अर्ध्यांच्या दोन ओळी लिहिल्या. मिनिटाभरात फोनवरूनच पासबुक छापायच्या यंत्राची खरखर ऐकू आली. इतका गोड आवाज मी बरेच दिवसांत ऐकला नव्हता. मॅनेजर फोन ठेवायचं विसरून काउंटरकडे धावले असावेत, कारण पाठोपाठ एक खणखणीत म्हातारा आवाज आला:

“अरे, दीड तास? शाळेतही तुझं उत्तर कधी वेळेवर आलं नाही!”