कोंबडा की कोंबडी

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी लागली आहे : '12 वर्षांखालील मुलांनी एकट्याने लिफ्ट वापरू नये.' तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने गिचमिड अक्षरात विचारलंय, 'मग जिना?' कमिटी ते पुसायच्या आत मी त्या पोराच्या बाजूने मत देऊन टाकतो.

त्या वयात मला आजोळचा अख्खा सडा पाठ होता. रत्नागिरीकडचा सडा म्हणजे जांभ्याचा उघडाबोडका माळ. मे महिन्यात जेवणं उरकून मोठी माणसं आडवी झाली की आम्ही पोरं मागल्या दाराने सटकायचो. कातळ तव्यासारखा तापलेला. करवंदीच्या जाळीत हात बेताने घालायचा, कारण काटे जोडीने असतात, एक चुकवला की दुसरा गाठतो. देठाचा पांढरा चीक बोटांना चिकटून काळा व्हायचा. मग करवंद फोडण्याआधी पैज : कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा. कुठली जाळी गोड, कुठल्या गडग्यात घोणस, कुठल्या विहिरीत डोकवायचं नाही, सगळं ठाऊक. आजीचा नियम एकच, दिवेलागणीला घरात.

सड्यावर एका ठिकाणी दगडात खोदलेल्या रेघा होत्या. पांडवांनी काढल्यात म्हणायचे. आम्ही त्यांच्यावरून लंगडी घालायचो. पुढे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि मंडळींनी अशी कातळशिल्पं गावोगाव हिंडून शोधली, 2022 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांना वाट दाखवणाऱ्यांत गुराखी होते. सडा तुडवलेल्या माणसांना आणखी कुठला नकाशा लागतो? आता शाळांच्या सहली बसने येतात. चिऱ्यांच्या कुंपणाबाहेर रांगेत उभं राहून कातळात कोरलेला हत्ती बघायचा.

पोरांची एकट्याने हिंडायची मोकळीक इंग्लंडात मेयर हिलमन यांनी मोजली होती : 1971 मध्ये सात-आठ वर्षांची शंभरातली 80 मुलं एकटी शाळेत जात, 1990 मध्ये 9. मधल्या काळात मुलांचे अपघात घटले म्हणून सरकार खूश होतं. रस्ते मात्र सुधारले नव्हते, पोरंच आत घेतली होती. आपल्याकडेही गाड्यांना वाट आहे आणि पोरांना पाटी.

पण सडाही सगळ्यांचा नव्हता. वाडीतला गुराख्याचा पोर तिथे कामावर असायचा. आणि मामेबहीण, जिचा कोंबडा हमखास निघायचा, ती एका मे महिन्यात पडवीतच बसून राहिली, मांडीवर सूप घेऊन. न्हाण आलं होतं. आम्ही तिच्यासाठी पळसाच्या द्रोणात करवंदं आणायचो. तिने ती कधी खाल्ली नाहीत.

आता ती लेकीकडे डोंबिवलीला असते. दुपारी एकटीच लोकलने निघते, मनात येईल त्या स्टेशनला उतरते, जावई कुरकुरतो. लेकीने तिच्या मोबाइलवर लोकेशन चालू करून दिलंय. मोबाइल ती घरी चार्जिंगला लावून जाते.