पाझर

माठाच्या पोटाला गाल लावून बसायची सवय मला फार लहानपणी लागली. किन्हवलीहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर, पडवीच्या कोपऱ्यात तिवई आणि तिवईवर तो. खाली वाळूची पाटी, आणि त्या सदा ओल्या वाळूत आजीने टाकलेले नाचणीचे दाणे हिरवी लव काढून उभे. एप्रिलच्या दुपारी कौलं तापली, समोरच्या माहुलीच्या सुळक्यांवरही धग थरथरताना दिसू लागली, की मी खेळ टाकून तिथे जायचो आणि डोळे मिटून त्या खरबरीत ओल्या मातीला गाल टेकायचो. आजी आतून म्हणायची, "घाम नको पुसू त्याचा. घामेजला नाय तर गार कसा रं व्हईल?"

तो गारवा गालावरून कधी उतरला, कळलं नाही. वीसेक वर्षांनी तो मला तांब्याच्या नळीवर भेटला.

तोवर मी कल्याणला नोकरीला जात होतो, आणि रात्री घरी येऊन एका जुन्या पेंटियम फोरच्या नादी लागलो होतो. प्रोसेसर खूप गार राखला तर त्याला नेमून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवता येतं, हे कुठेतरी वाचलं होतं. अमेरिकेतल्या क्रायोटेक कंपनीने 2000 साली एएमडीचा अथलॉन उणे 40 अंशांच्या आसपास थंड करून एक गिगाहर्ट्झला चालवला होता. आमच्याकडे पंखाही भारनियमनाच्या वेळा बघून फिरायचा. तरीही, का कोण जाणे, त्या उणे 40 ने माझी झोप नेली.

मुरबाडला फ्रिज दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांना समजवायला मी कागद-पेन्सिल घेऊन गेलो, तर म्हणाले, "ते काय मोजतं ते मला नको सांगू. तापतं किती ते सांग."

"शंभर वॅटचा बल्ब धरा."

"मग बल्बच गार करायचाय की!"

एवढ्यात सगळं ठरलं. भंगारातून खिडकीच्या एसीचा कॉम्प्रेसर आला. लेथवर तांब्याचा ठोकळा कातून त्याच्या पोटात गॅसला फिरायला वळणावळणाची वाट कोरून घेतली; तो प्रोसेसरच्या डोक्यावर बसायचा होता. रविवारमागून रविवार गेले. निळ्या ज्योतीखाली सांधे लाल व्हायचे, ब्रेझिंगची काडी टेकताच वितळून फटीत शिरायची, आणि मग काका साबणाचा फेस लावून बाळाच्या कपाळाला हात लावावा तसे प्रत्येक सांध्याशी वाकून बघत. सगळ्यात जपायची ती कॅपिलरी, सुतळीहून बारीक तांब्याची नळी. काका ती नेहमी लांबच ठेवायचे. "कापता येते," म्हणायचे, "वाढवता येत नाही." आर-22 गॅस भरण्याआधी अख्खी दुपार पंपाने आतली हवा ओढली, कारण पाण्याचा एक थेंब जरी आत राहिला तरी तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून बसतो.

वीज आली रात्री अकराला. कॉम्प्रेसर घुमू लागला. परतीच्या नळीवर आधी नुसती वाफ धरल्यासारखी झाली, मग दव आलं, मग थेंब. बघता बघता त्या थेंबांचं पांढरं झालं. माझ्या घरात, एप्रिलात, हिव पडलं होतं. थर्मामीटर उणे 32 दाखवत होता, पडद्यावर तीनचे चार गिगाहर्ट्झ झाले होते. पण खरं सांगू, मी तिकडे बघतच नव्हतो.

आवाजाने आजी उठून आली. नळीच्या अजून न गोठलेल्या भागावर तिने तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. "माठावानी पाझरतंय की," म्हणाली.

तिला मी कसं सांगू की दोन्हीकडचा घाम वेगळा! माठाचा आतून येतो, नळीचा बाहेरच्या हवेतून. आणि तरी ती चुकली नव्हती. ठोकळ्याच्या पोटात द्रव उकळत होता आणि उकळता उकळता प्रोसेसरची ऊब घेऊन जात होता. माठाच्या अंगावर पाणी हेच करत आलंय. उलट पाणीच थोर. एक ग्रॅम पाणी हवेत विरताना 580 कॅलरी नेतं, आमचा गॅस त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच. फक्त पाण्याला हवेच्या कोरडेपणापुढे जाता येत नाही, आणि गॅस उणे 41 लाही उकळतो. हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. तेव्हा फक्त तिचा ओला तळहात दिसत होता.

प्रोसेसरभोवती रबराचं अस्तर दिलं होतं, बोर्डावर आईच्या डबीतलं व्हॅसलिन फासलं होतं. तरी नळीखाली पाणी ठिबकायचंच. आजीने तिथे वाटी ठेवली. सकाळी ती तुळशीला घालायची. हसू नका, आमच्या तालुक्यातलं तानसाचं पाणी 1892 पासून मुंबई पितेय, आणि उन्हाळ्यात पाडे टँकरच्या भोंग्याकडे कान लावून असतात. हवेतून आलेली वाटीभर ओलही तिथे सांडत नाहीत.

मग मृग आला. हवाच एवढी ओली झाली की अस्तराच्या कुठल्याशा फटीतून तिने आत वाट काढली, आणि एका रात्री पडदा मिटला तो मिटलाच. काकांनी गॅस काढून घेतला. कॉम्प्रेसर माळ्यावर गेला. दोन पावसाळ्यांनी आजीही गेली.

तांब्याचा ठोकळा तेवढा माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. आता हिरवट पडलाय. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, पंखा थांबतो, आणि मी तो उचलून गालाला लावतो. क्षणभर गार लागतो. मग माझ्याच गालाने कोमट होत जातो, आणि मी तो दुसऱ्या कुशीवर वळवतो.