दादाच्या बागेवरचा लेख

आपल्या आयुष्यात जे घडलं ते खरं खरं सांगायचं आणि त्यातून काय शिकलो तेही सांगायचं, एवढ्यासाठी आम्ही काही लिहिणारी माणसं महिन्यातून एकदा हातखंब्याला जमतो. कोणी पालीहून येतं, कोणी निवळीहून, दोघीजणी रत्नागिरीहून एसटीने येऊन तिठ्यावर उतरतात. एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक कंडक्टर आहेत, एक नर्स आहे, आंबा बागायतदार आहेत. पडवीत सतरंजी अंथरायची, चहा घ्यायचा आणि ज्याने त्याने आपला कागद काढून मोठ्याने वाचायचा. या बैठकांनी मला खूप दिलं. पण इथेच मी एक असा लेख वाचला की त्याने माझ्या सख्ख्या भावाचं घर दुखावलं. तो लेख कसा लिहिला गेला आणि त्यात नेमकं काय चुकलं, ते सांगतो.

मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीकडून येणारा रस्ता हातखंब्याला मिळतो आणि पुढे पालीहून कोल्हापूरची वाट फुटते. चौपदरीकरण आलं तेव्हा रस्त्यालगतच्या कितीतरी कुटुंबांची जमीन गेली, तशी आमचीही थोडी गेली. सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं, दोघांची नावं होती. मोबदला निम्मा निम्मा झाला. माझी पगाराची नोकरी होती, मी माझा वाटा मुदत ठेवीत टाकला. दादाने त्याचा वाटा बागेत घातला. वडिलांच्या हातची जुनी हापूसची कलमं होती, त्यांची छाटणी केली, नवी कलमं लावली, कुंपण घातलं, पाण्याची सोय केली, फवारणीचा मोठा पंप घेतला. शिवाय आंबा वाशीला पाठवण्यासाठी दलालाकडून हंगामाआधी उचल घेतली. उचल घेतली की पेट्या त्याच्याच गाळ्यावर पाठवायच्या, आणि विक्रीतून त्याने आपले पैसे अडतीसकट वळते करून घ्यायचे, हा व्यवहार आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. त्यात जगावेगळं काही नव्हतं.

मग वाईट वर्षं लागोपाठ आली. ज्यांनी हापूस फक्त पेटीत पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पावसाळा संपल्यावर जमिनीतली ओल उतरायला हवी, मग थंडी पडायला हवी, तर कलम मोहोरतं. थंडी लांबली आणि जमिनीत ओल राहिली तर मोहोराच्या जागी पालवी येते, आणि ते कलम त्या वर्षापुरतं गेलं असंच समजायचं. मोहोर आला आणि ढगाळ हवा राहिली तर तुडतुडे येतात, भुरी येते, अवकाळी पाऊस पडला तर करपा येतो. प्रत्येक वेळी फवारणी. औषधाचा खर्च, माणसांची मजुरी, पंपाचं इंधन. हापूस मुळात एक वर्षाआड धरणारा, म्हणून दरवर्षी पीक यावं यासाठी कल्टार घालायचं, तो खर्च वेगळा. आणि एवढं करून पहिल्या मोहोराची फळं टिकली तरच मार्चच्या आधी पेटी जाते, आणि पैसा त्या पेटीत असतो. एप्रिलच्या शेवटी सगळ्यांचाच आंबा बाजारात उतरतो, तेव्हा भाव खाली येतो. दादाचा पहिला मोहोर पावसात गेला. पुढच्या वर्षी, २०२० च्या हंगामात, टाळेबंदी लागली आणि ऐन भरात वाहतूक आणि बाजार दोन्ही विस्कळीत झालं. त्यानंतर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडावर राहिलेला आंबाही खाली पाडला. दलालाची उचल फिटली नाही. दादाने बागेचा एक तुकडा विकला.

माझ्या लेखात यातलं काय होतं? कर्ज होतं, तुकडा विकणं होतं, दादाचा हट्ट होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण शेवटी होती. थंडी लांबल्याचं नव्हतं, मोहोरात पडलेल्या पावसाचं नव्हतं, टाळेबंदीचा नुसता उल्लेख होता. लिहिताना मी हे सगळं विसरलो होतो असं नाही. पहिल्या खर्ड्यात पावसाचा एक परिच्छेद होता, तो मी स्वतः खोडला. कारण तो राहिला असता तर लेखाचा धडा ढिला पडला असता. पाऊस पडला तर माणसाची चूक किती आणि आभाळाची किती, हे ठरवावं लागलं असतं. मला स्वच्छ धडा हवा होता. त्यासाठी हवामान काढून टाकलं, आणि एका शहाण्या धाकट्या भावाने थोरल्याची चूक समजुतीने पाहिली, असा लेख तयार झाला.

बैठकीत तो सगळ्यांना आवडला. वाचून झाल्यावर शिक्षिकाबाईंनी एवढंच विचारलं, "भावाला पैशाची नड होती तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मी उत्तर टाळलं. म्हणालो, तो वेगळा विषय आहे.

तो वेगळा विषय नव्हता. दादा माझ्याकडे आला होता. उचल न घेता पहिल्या वर्षाच्या फवारण्या भागाव्यात एवढीच रक्कम त्याला हवी होती, आणि हंगाम संपला की परत देतो म्हणाला होता. माझी ठेव मोडता आली असती. ती मोडली तर व्याज जाईल, असं मी त्याला सांगितलं. तो एकदाच आला, पुन्हा त्याने विषय काढला नाही. त्यानंतर तो दलालाकडे गेला. म्हणजे ज्या कर्जावर मी लेख लिहिला, त्या कर्जाकडे जाणाऱ्या वाटेवर माझं घर होतं, आणि लेखात ते घर नव्हतं.

बाईंच्या प्रश्नानंतर तरी मी थांबायला हवं होतं. मी तो लेख एका दिवाळी अंकाला पाठवला आणि तो छापून आला. नाव बदललं होतं, गाव बदललं नव्हतं. हातखंब्यात रस्त्याचा मोबदला बागेत घालून बागेचा तुकडा विकणारा आणि नोकरदार धाकटा भाऊ असलेला माणूस ओळखायला नाव कशाला लागतं?

दादाने माझ्याशी भांडण केलं नाही. गणपतीत आरतीला आला, प्रसाद घेऊन गेला, पण बसला नाही. शेवटी मीच त्याच्याकडे गेलो. तो खळ्यात बसून जुन्या पेट्यांचे खिळे काढत होता. म्हणाला, "माझं लिहिलंस त्याचं काही नाही. लोकांना ठाऊकच होतं. पण तुझ्या वहिनीच्या पाटल्यांचं कशाला लिहिलंस? तिच्या माहेरी कोणालाही सांगितलं नव्हतं आम्ही."

पाटल्यांचं वाक्य माझ्या लेखात सगळ्यात उठून दिसणारं होतं. बैठकीत त्या वाक्यावर सगळे स्तब्ध झाले होते. वहिनीने ते मला विश्वासाने सांगितलं होतं, माझ्या बायकोसमोर, माजघरात. मला त्या क्षणी वाईट वाटलं होतं हे खरं, आणि ते वाक्य लेखात किती चांगलं बसेल हे माझ्या मनात लगेच आलं होतं, हेही खरं. लिहिणाऱ्या माणसाला हे होतं, आणि त्याबद्दल मी स्वतःला फार दोष देत नाही. दोष आहे तो न विचारता छापण्याचा. वहिनीला विचारायला मला अंगण ओलांडून जायचं होतं, इतकंच.

या प्रकारानंतर मी मराठीतली आत्मकथनं नव्याने वाचायला घेतली. आपल्याच जिल्ह्याने या बाबतीत मोठा वारसा ठेवला आहे. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' १९१५ साली आलं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, माहेरच्या देवरूखच्या गोदूबाई जोशी. त्यांचं 'माझे पुराण' १९४४ साली निघालं. १८९३ मध्ये पुण्यात झालेला त्यांचा पुनर्विवाह, मुरूडच्या लोकांनी टाकलेला बहिष्कार, हिंगण्याचा आश्रम, हे दोन्ही पुस्तकांत आहे. पण संस्थेसाठी आयुष्य वाहून घेतलेल्या माणसाच्या कथेत जो त्याग आहे, तोच त्याग घर चालवणाऱ्या बाईच्या कथेत चणचण म्हणून येतो. कर्व्यांनी काही लपवलं असं मुळीच नाही. ते स्वतःबद्दल फार निर्मळपणे लिहितात. सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून घाट चढून साताऱ्याला चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, हा प्रसंग ते कुणावरही राग न धरता सांगतात. तरीही त्यांच्या घराची हकीकत त्यांच्या एकट्याच्या पुस्तकाने पुरी होत नाही. बायांनी पुस्तक सांगितलं नसतं तर आपण अर्धीच ऐकली असती. माझ्या लेखाला दुसरं पुस्तक नव्हतं. वहिनी लिहीत नाही. दादा हिशेबाच्या वहीपलीकडे लिहीत नाही. न लिहिणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना आपल्याकडे केवढी सत्ता असते, याचा मी विचारच केला नव्हता.

बैठकीत मी हे बोललो तेव्हा नर्सताईंनी सुनीताबाई देशपांडे यांचं उदाहरण दिलं. सुनीताबाई रत्नागिरीच्या, त्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हा पु. ल. हयात होते आणि साऱ्या महाराष्ट्राचे लाडके होते. त्यांच्याविषयी इतकं मोकळेपणाने लिहिलेलं अनेकांना रुचलं नाही. मग तेही लिहायला नको होतं का, असं ताईंनी विचारलं. मला तसं वाटत नाही. सुनीताबाई स्वतःच्या स्वभावाला जितकं कठोरपणे तपासतात तितकंच दुसऱ्याला. आणि त्यांनी ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या हातात त्यांच्याइतकीच, किंबहुना त्यांच्याहून मोठी लेखणी होती. दया पवारांच्या 'बलुतं'वर १९७८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या समाजातल्याही काही लोकांनी राग धरला होता, झाकलेलं उघडं केलं म्हणून. पण त्यात पहिला उघडा होतो तो लेखक स्वतः. इथून जवळच्या फणसवळ्याच्या उर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये आई, नवरा, गाव, चळवळ या सगळ्यांविषयी लिहिलं, आणि त्या सगळ्यात स्वतःला कुठेही बाजूला उभं केलं नाही. या पुस्तकांचा दाखला देऊन मला माझा लेख सोडवता येत नाही. तिथे जे आहे तेच माझ्याकडे गळलं होतं.

दुसरी एक चूक थोडक्यात सांगतो, कारण तिचा तपशील माझा नाही. बैठकीत एकीने आपल्या घरातलं काही वाचलं. ते मी घरी जेवताना सांगितलं. घरातून ते शेजारी गेलं. तिने त्यानंतर कधी काही वाचलं नाही. येते, ऐकते, जाते. तिची माफी मी मागितली आहे. तिचं लिहिणं मात्र परत आलेलं नाही, आणि आमच्यात सगळ्यात चांगलं तीच लिहीत होती.

तेव्हापासून आमच्या बैठकीत काही गोष्टी बदलल्या. इथलं वाचलेलं बाहेर न्यायचं नाही, हे आता सुरुवातीलाच सांगितलं जातं. घरच्या माणसाविषयी लिहिलं असेल तर त्याला आधी वाचून दाखवलं का, असं विचारलं जातं. नसेल तर तो कागद त्या दिवशी वाचला जात नाही. काहींना हे जाचक वाटतं. कंडक्टरसाहेब म्हणतात, असं केलं तर मारणाऱ्या नवऱ्याविषयी बायको कधीच लिहू शकणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्याने छळलं त्याची परवानगी मागायची नसते. पण दादाने मला छळलं नव्हतं. त्याने मला लहानपणी खांद्यावरून शाळेत नेलं होतं.

मी दिवाळी अंकाच्या संपादकांना पत्र लिहून कळवलं आहे की त्या लेखातली माझी बाजू अपुरी आहे, आणि दादाने मदत मागितली असता मी ती दिली नव्हती. छापायचं की नाही ते त्यांच्यावर. ते पत्र मी आधी दादाला वाचून दाखवलं. त्याने पावसाची वर्षं दुरुस्त केली. मी एक वर्ष मागे-पुढे केलं होतं. वहिनी आतून ऐकत होती, बाहेर आली नाही. आज हे जे लिहिलं आहे तेही दोघांनी ऐकलं आहे. पाटल्यांचा उल्लेख ठेवू का, असं मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "आता सगळ्यांना माहीत झालंच आहे, तर तू विचारलं नव्हतंस हेही लिही."

लेखांचा संग्रह काढायचं माझ्या मनात आहे. तो दिवाळी अंकातला लेख त्यात नसेल. दादाने परवानगी दिली तरी नसेल, कारण तो खोटा आहे. आमच्यासारख्या बैठका आता गावोगावी होतात, घरातलं लिहिणारे खूप झाले आहेत आणि ते व्हायलाच हवेत. त्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्या घरी कागद घेऊन जा, तो वाचणारा नसेल तर त्याला वाचून दाखवा, आणि त्याने काही दुरुस्ती सांगितली तर ती त्याच्यासमोरच लिहून घ्या.