प्रश्न विचारण्याचा अधिकार

अंबरपेठेत वकिली करणाऱ्या माणसाकडे सायंकाळी येणारी मंडळी बहुधा दोन प्रकारची असतात. निवृत्तिवेतनाचे कागद पिशवीत घालून येणारे वृद्ध, आणि मुलाला परदेशी धाडण्याच्या खटपटीत असलेले आईबाप. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा नोकरीपेशामुळे येथेच राहिलेल्या मराठी कुटुंबांची ही पुढची पिढी. सिकंदराबाद मतदारसंघाच्या हिशेबात आमच्या मतांचे वजन ते किती! म्हणूनच संसदेतील प्रश्नोत्तरांच्या तासाचे महत्त्व या मंडळींना पटवून देण्याचा छंद मला जडला आहे.

हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण उत्तर उडवाउडवीचे असले तरी पुढे काही विचारता येत नसे. उपप्रश्नाचा हक्क १९०९ साली आला, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरताच. या हत्याराची धार स्वातंत्र्यानंतर दिसली. आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांत गुंतविलेल्या पैशासंबंधी १९५७ साली लोकसभेत प्रश्न निघाले, फिरोझ गांधींनी ते प्रकरण लावून धरले, न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

परंतु प्रश्न घोटाळ्यांचेच असतात असे नाही. आमच्या आळीतील एक बाई, देवळातल्या पुराणाला नेमाने येणाऱ्या, वैधव्यानंतर माझ्याकडे आल्या. यजमान सरकारी नोकरीत होते. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या डिसेंबरात नकारा खटल्यात सांगितले. मोबदला म्हटला की तो वेतनात मोडतो. म्हणून त्यावर वेतनासारखाच कर बसतो आणि वेतनाची प्रमाणित वजावटही मिळते. विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र 'इतर उत्पन्न' ठरते, कारण नोकरी तिने केलेली नसते. २०२४ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत निवृत्त नोकराची वजावट ७५ हजारांवर नेली. विधवेला मिळाली ती एकतृतीयांश रक्कम किंवा २५ हजार, यांपैकी जी कमी असेल ती. २०२५ साली नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावरील कर माफ झाल्याने पुष्कळ जणींचा भार उतरला, हे खरे. परंतु बाईंनी मला जे विचारले ते त्याने सुटत नाही. "वकीलसाहेब, ते गेले म्हणून माझा खर्च तिपटीने उतरला, असे सरकारला वाटते काय?"

त्यांचे दुसरे दुःख याहून मोठे होते. यजमानांच्या उपदानाची रक्कम मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी एका सल्लागाराच्या हवाली केली होती. प्रवेशाचे पत्र बनावट निघाले आणि सल्लागाराच्या दाराला कुलूप लागले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले. त्यांच्या सेवाशुल्काची मर्यादा २०१७ साली ३० हजार रुपये ठरली. पण 'आम्ही भरती करीत नाही, केवळ सल्ला देतो' असे म्हणणारा या जाळ्यातून निसटतो. फसवणुकीचा फौजदारी कायदा आहेच. परंतु तो पैसे बुडाल्यानंतरचा. पंजाबने अशा सल्लागारांसाठी परवान्याचा कायदा २०१२ साली केला. ब्रिटनने तर १९९९ च्या कायद्याने अनधिकृत व्यक्तीने स्थलांतराचा सल्ला देणे हाच गुन्हा ठरविला.

फिर्याद दाखल करून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हे सारे दिल्लीला कळवा." तेव्हा मी त्यांना लोकसभेचा नियम सांगितला. प्रश्न सामान्यतः दीडशे शब्दांच्या आत हवा; त्यात युक्तिवाद नको, उपरोध नको, विशेषणे नकोत, कोणावर आरोप नको. बाईंनी चार पाने लिहून आणली होती. त्यातले अश्रू गाळावे लागले, त्या सल्लागाराचे नावही गाळावे लागले. शेवटी दोनच प्रश्न उरले. कुटुंब निवृत्तिवेतनाची वजावट निवृत्त नोकराच्या बरोबरीने करण्याचा शासनाचा विचार आहे काय? असल्यास केव्हा, नसल्यास कारण काय? आणि परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करण्यात येणार आहे काय? बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "यात मी कुठेच नाही." मी म्हटले, "म्हणूनच यात तुमच्यासारख्या सगळ्या आहेत."

या प्रश्नाने त्यांचे पैसे परत येणार नाहीत, हे मी त्यांच्यापासून लपविले नाही. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असे उत्तर येण्याचा संभवही सांगितला. तथापि सभागृहात दिलेली आश्वासने पुरी होतात की नाही हे पाहण्यासाठी लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे. एकदा नोंद झालेली गोष्ट सहजासहजी पुसली जात नाही.

वाचकहो, उत्सवाला खासदार येतात, तेव्हा आपण त्यांच्या गळ्यात हार घालतो, हाती नारळ देतो आणि देवळासाठी देणगीची विनंती करतो. त्या नारळासोबत दीडशे शब्दांचा एक कागदही द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. तो कसा लिहावा हे विचारावयास कोणी आले, तर माझ्या कचेरीत त्यासाठी फी नाही.